फरशीची धूळ आणि कारागिरांची फुप्फुसे

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीत एका घराच्या फरशा बदलण्याचे काम चालले होते. जिन्यात साचणाऱ्या पांढऱ्या धुळीबद्दल रहिवाशांनी तक्रारी केल्या. परंतु बंद खोलीत तोंडाला नुसता रुमाल बांधून दिवसभर कटर चालवणाऱ्या दोन तरुण कारागिरांविषयी कोणी चकार शब्द काढला नाही, म्हणून हे पत्र.

ही धूळ साध्या मातीची नसते. व्हिट्रिफाइड फरशी चिकणमाती, फेल्डस्पार हे खनिज आणि क्वार्ट्झ (गारगोटी) यांचे मिश्रण दाबून, सुमारे १२०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजून तयार होते. भट्टीत फेल्डस्पार वितळून त्याचा काचेसारखा घट्ट द्रव बनतो व तो कणांमधील पोकळ्या भरून काढतो. त्यामुळेच ही फरशी स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही. मात्र क्वार्ट्झचे सगळे कण त्या द्रवात विरघळत नाहीत, काही स्फटिकरूपातच शिल्लक राहतात. फरशी कोरडी कापली की त्यांची इतकी बारीक पूड होते की ती थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचते. तिला गिळणाऱ्या संरक्षक पेशीच मरतात आणि फुप्फुस हळूहळू निबर होत जाते. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही, आणि त्यातून क्षयाचा धोकाही वाढतो.

स्वयंपाकाच्या ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्या तर याहून घातक, कारण त्यांत क्वार्ट्झचे प्रमाण अनेकदा ९० टक्क्यांच्या वर असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यांच्यावर बंदी घातली.

उपाय अवघड नाही. पात्यावर सतत पाणी सोडून कापल्यास बहुतांश धूळ जागीच बसते (विजेच्या धक्क्यापासून संरक्षण देणारा स्विच मात्र हवाच), आणि सरळ काप असेल तर ओरखडा काढून फरशी तोडणारा हातकटर पुरतो. रुमालाने ही धूळ अडत नाही. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो.

नूतनीकरणाची परवानगी देताना गृहनिर्माण संस्था अनामत रक्कम घेतात, दुपारी आवाज करू नये अशी अट घालतात. त्याच अर्जात ‘फरशी व ओटा पाण्याखालीच कापावा, मास्क घरमालकाने पुरवावा’ ही ओळ घालावी, आणि महानगरपालिकांनी तसे परिपत्रक काढावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे