छोट्या विद्यापीठात रांग नाही, आत तर या

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आमच्या भागात घरोघरी एकच विषय, पोराला नागपूरला टाकायचं की पुण्याला, आणि ज्याचं कुठंच जमत नाही तो मग इथल्या जवळच्या कॉलेजात येते. म्हणजे अॅडमिशन घेतानाच पोरगं मनातून खचलेलं असते. मी नागभीड तालुक्यातली, गोंडवाना विद्यापीठातूनच बॉटनीत एमएस्सी केलं, आता एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशेबानं, शिकवते, आणि दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात हे उतरलेले चेहरे पाहते म्हणून हे पत्र लिहून राहिली. पोरांनाही सांगायचं आहे अन् त्यांच्या मायबापालाही.

गोंडवाना विद्यापीठ झालं २०११ मध्ये. त्याच्या आधी चंद्रपूर-गडचिरोलीची सगळी कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती, गडचिरोलीच्या पार दक्षिण टोकाच्या सिरोंचाच्या पोराला साध्या कागदासाठी नागपूर गाठावं लागे. आता दोन जिल्ह्यांचं आपलं विद्यापीठ आहे. छोटं आहे, खरं आहे, सगळ्या सोयी नाहीत हेही खरं. पण छोटं असण्याचा जो फायदा आहे तो आमची पोरं घेतच नाहीत हो! मोठ्या ठिकाणी बीएस्सी फर्स्ट इयरच्या पोराला मोठ्या सरांच्या लॅबमध्ये पाय ठेवायला मिळणं कठीण, तिथं पीएचडीवाल्यांचीच गर्दी. इथं तसं नाही. इथं सरांच्या केबिनचं दार उघडंच असते, सर चहा पिता पिता पेपर तपासत बसलेले असतात, तुम्ही जाऊन फक्त विचारायचं की सर तुमचं काम कशावर चालू आहे, मला काही करता येईल का. बस एवढंच. माझ्या अनुभवात असं विचारणाऱ्या पोराला कोणी हाकलून लावत नाही, उलट सरांनाच बरं वाटते कारण विचारायला कोणी येतच नाही.

सुरुवातीला काम साधंच मिळते. आमच्या विषयात म्हणाल तर झाडाचा नमुना आणायचा, जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवायचा, ओल धरली की कागद बदलायचा, वाळला की शीटवर लावून लेबल लिहायचं, गाव कोणतं, तारीख कोणती, कोणी आणलं, लोक त्याला काय म्हणतात. शहरातल्या पोरीला तरोट्याची भाजी अन् टेंभरं (तेंदूची फळं) दाखवावी लागतात, आमच्या पोरींना सात्या (रानातली अळंबी) कोणत्या जागी निघते अन् वास्ते (बांबूचे कोंब) कधी काढायचे हे शाळेत जायच्या आधीपासून माहीत असते, पण हे ज्ञान आहे अन् ते लिहून ठेवायचं असते असं त्यांना कोणी सांगितलंच नाही. जिच्या घरी गोंडी किंवा माडिया बोलतात तिला तर जंगलातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलायला दुभाषाच नको, बाहेरून येणाऱ्या मोठ्या संशोधकाजवळ पहिल्या दिवशी ही गोष्ट नसते.

संशोधन म्हटलं की आमच्या लोकांना वाटते पांढरा कोट, काचेच्या नळ्या, इंग्रजी. आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ मध्ये पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या पिवळसर दिसल्या, त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या, असं वर्षानुवर्षं केलं अन् त्यातून निघाला एचएमटी हा धानाचा वाण, जो आज विदर्भातच नाही तर बाहेरच्या राज्यांतही पिकते. वेगळं दिसलं ते पाहिलं, बाजूला ठेवलं, पुन्हा करून पडताळलं. याच्यापेक्षा संशोधन वेगळं काय असते सांगा. त्यांना लॅब नव्हती, मार्गदर्शक नव्हता. आमच्या पोरांजवळ दोन्ही आहे.

आणि गडचिरोली तर संशोधनासाठी जगात ओळखला जाणारा जिल्हा आहे, हे आमच्याच लोकांना माहीत नाही. डॉ. अभय बंग अन् डॉ. राणी बंग यांनी इथल्या खेड्यातल्या बायकांच्या आजारावर केलेला अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला, दोनच गावांचा अभ्यास होता तो, तरी बायकांच्या आरोग्याकडं पाहायची जगाची नजर बदलली. मग १९९९ मध्ये नवजात बाळांवरचा अभ्यास आला, त्यात घरोघरी जाऊन बाळ तपासणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या आरोग्यदूत गावातल्याच बाया होत्या. तिकडं धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्याच्यामागं गावाचा अभ्यास गट होता, लोक बसून कायदा वाचत, चर्चा करत, मग ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीनं निर्णय. तिथली म्हातारी माणसं अभ्यास करू शकतात, मग बीएच्या पोरांना काय झालं?

आता नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आलं, त्याचे क्रेडिट आहेत. चांगली गोष्ट आहे. पण मला फार वाईट वाटते ते हे की झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळते, वरचं नाव बदललं की झालं, एकच प्रोजेक्ट चार जणांचं, आणि तेही कुठल्या तरी दुसऱ्याच जिल्ह्याचं. गावात मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) आहे, त्याचा गाळ कधी काढला, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत राहते, मासे कोणाचे, पाणी कोण सोडते, हे स्वतःच्या आजोबाला विचारलं तरी अर्धं प्रोजेक्ट होते. २०२१ पासून छत्तीसगडातून हत्ती येऊन राहिले, कोणत्या गावात किती धान तुडवलं, भरपाई कधी मिळाली, हा विषय कोणी दुसऱ्यानं येऊन लिहावा का? सिरोंचाकडं डायनासोरच्या काळातले जीवाश्म आहेत, वडसा म्हणजे झाडीपट्टी नाटकाचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकाचं, मोठं केंद्र, मराठीच्या अन् समाजशास्त्राच्या पोरांनी एका सीझनमध्ये नाटक मंडळींसोबत फिरावं, कोण लिहिते, कोण पैसे लावते, तिकीट कोण काढते. विषयाला काय तोटा!

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं आठवडी बाजारात विकायला येणाऱ्या रानभाज्यांची यादी केली, कोणत्या गावातून येते, कोण विकते, भाव काय. ती अविष्कारला गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अविष्कार म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा, राज्यपाल कार्यालयानं २००६ पासून सुरू केलेली, पदवीच्या पोरांचा गट वेगळा असते. तिचा नंबर नाही लागला. पण पोस्टरसमोर उभी राहून परीक्षकाला उत्तरं देताना तिचा जो आवाज निघाला तो वर्गात कधी ऐकला नव्हता, नंतर दुसऱ्या विभागाच्या मॅडमनी तिला स्वतःहून बोलावून कामात घेतलं.

एनएसएसचंही (राष्ट्रीय सेवा योजनेचंही) तसंच. १९६९ पासूनची योजना, वर्षाला १२० तास अन् सात दिवसांचं शिबिर. पोरं जातात सर्टिफिकेटसाठी. अरे सात दिवस गावात राहायला मिळते, रॅली काढा, शोषखड्डे खणा, पण एक संध्याकाळ गावातल्या विहिरींचं पाणी मोजा, नोंदी ठेवा, पुढच्या वर्षीच्या बॅचला द्या. भित्तिपत्रक काढा, गॅदरिंगचं नाटक स्वतः लिहा, क्रीडा, वादविवाद, जे आवडते त्यात शिरा. मित्र तिथंच भेटतात, वर्गात मागच्या बाकावर बसून मोबाइल पाहत नाही भेटत.

वाचायला नाही ही तक्रारही आता पहिल्यासारखी राहिली नाही. शोधगंगा या वेबसाइटवर देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत, आणि जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेतून सरकारी विद्यापीठांना हजारो जर्नल मिळून राहिले. ग्रंथपालाला जाऊन विचारा आपल्या कॉलेजला लॉगिन कसं मिळेल.

पण साहेब, सगळं पोरांवर ढकलून चालणार नाही. आमच्या मुली बाहेरगावाहून येतात, गावाकडची शेवटची गाडी चारला निघते. प्रॅक्टिकल संपते साडेतीनला. मग लॅब, लायब्ररी, नाटकाची तालीम, खोखोची प्रॅक्टिस, सगळं कधी करायचं? मुलगी सहाला घरी आली की शेजारीपाजारी विचारतात कुठं होती. मायबापांना माझी हात जोडून विनंती आहे, आठवड्यातून दोन दिवस तरी तिला थांबू द्या, कॉलेजात या, सरांना भेटा, ती कुठं बसते काय करते ते डोळ्यानं पाहा.

गाडीची वेळ साडेपाच करावी म्हणून आम्ही काही प्राध्यापक अन् विद्यार्थिनी निवेदन तयार करून राहिलो. त्यावर पालकांच्या अन् ग्रामपंचायतींच्या सह्या पाहिजेत, कोरे फॉर्म कॉलेजच्या ऑफिसात ठेवले आहेत. आपल्या पेपरनंही तालुका पानावर महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांनी स्वतः केलेल्या गावच्या अभ्यासाला थोडी जागा द्यावी, मजकूर वेळेवर पाठवायची जबाबदारी आम्ही घेतो.

आपली,
एक प्राध्यापिका, ता. नागभीड, जि. चंद्रपूर