डिलीट करायची घाई नको

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

सोबत दोन पेन ड्राइव्ह पाठवलेत. फोनवर सांगितलं की बाबा "हो हो, कळलं" म्हणतात आणि संध्याकाळी आई विचारते, "अगं, परत मेमरी फुल्ल दाखवतंय, काय काय काढून टाकू?" म्हणून कागदावर लिहितेय. फ्रिजला चिकटवून ठेवा.

आई, आधी तुला. मला विचारल्याशिवाय काही डिलीट करू नकोस. परवा जागा करायला म्हणून तू आजीच्या ओव्यांचा व्हिडिओ उडवलास आणि सुप्रभातचे गुलाब मात्र जिथल्या तिथे! नशीब, तो माझ्याकडे होता. काढायचंच असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघड. तिथे खूप वेळा फॉरवर्ड झालेलं सगळं वेगळं काढून दाखवतात. ते बिनधास्त उडव. पेन ड्राइव्ह त्या कचऱ्यासाठी नाहीत.

आता बाबा, तुमचा फोन. ६४ जीबीचा म्हणून घेतला तरी त्यातली बरीच जागा फोनची स्वतःची सिस्टिमच खाते. उरलेल्या जागेत तुमचे आयर्विन पुलाचे व्हिडिओ. कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, हे सगळ्या सांगलीला पाठ आहे, पण दर पावसाळ्यात प्रत्येक फुटाचा वेगळा व्हिडिओ तुम्हीच काढता. ते टाकून द्या असं मी म्हणणार नाही. फक्त ते फोनमध्येच असायला हवेत असं नाही.

या पेन ड्राइव्हला दोन तोंडं आहेत. मोठं कॉम्प्युटरचं, छोटं टाइप-सी तुमच्या चार्जिंगच्या जागी बसतं. लावल्यावर काहीच दिसलं नाही तर सेटिंग्जमध्ये 'ओटीजी' (फोनला पेन ड्राइव्ह जोडायची सोय) शोधून चालू करा. काही फोनमध्ये ते वापरात नसलं की दहा मिनिटांनी आपोआप बंद होतं, त्यामुळे मध्ये चहाला उठलात तर परत चालू करावं लागेल.

मग गूगलचं 'फाइल्स' अ‍ॅप उघडा. त्यात 'व्हिडिओज' मध्ये जाऊन एकावर बोट दाबून धरलं की निवड सुरू होते. हवे तेवढे निवडा आणि 'कॉपी' करा. 'मूव्ह' नको. मूव्ह चालू असताना पेन ड्राइव्ह हलला किंवा बॅटरी संपली तर कुठली फाइल कुठे राहिली हे शोधत बसावं लागतं. कॉपी झाली की 'इजेक्ट' करून काढा, परत लावा, दोन-चार व्हिडिओ पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघा. नीट चालले तरच फोनमधले काढा. तरी जागा वाढली नाही म्हणून चिडू नका. काढलेलं सगळं 'ट्रॅश' मध्ये पडून राहतं आणि तोवर जागाही अडवतं. तेही रिकामं करायचं.

एक मात्र सांभाळा. हे काढणं 'गूगल फोटोज' मधून करू नका. तिथे बॅकअप चालू असेल तर फोनमधलं डिलीट करताना वर गूगलकडे साठवलेलंही जातं. तिथली फुकट जागा १५ जीबी, त्यातच जीमेलसुद्धा. जून २०२१ पासून फोटो त्याच हिशोबात धरतात, म्हणून तुम्हाला सारखं "पैसे भरा" येतं. भरू नका.

कपाटातला जुना पेन ड्राइव्ह वापरायचा मोह होईल. तो फॅट-३२ पद्धतीचा आहे, ४ जीबीहून मोठी एक फाइल घेतच नाही. बंड्याच्या मुंजीचं तुम्ही सलग केलेलं शूटिंग त्यात बसणार नाही. नवे दोन्ही मी एक्सफॅट पद्धतीचे करून पाठवलेत, त्यात मोठी फाइलही बसते, त्यामुळे 'फॉरमॅट करू का' असं फोनने विचारलंच तर 'नको' म्हणा आणि मला फोन करा. आणि सातबाऱ्याची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात जाल तेव्हा हे नेऊ नका. तिथल्या कॉम्प्युटरला दिवसभर कुणाकुणाचे पेन ड्राइव्ह लागतात, व्हायरस फुकट मिळतो. त्याला जुनाच बरा.

दोन का पाठवले, असं आई विचारेलच. पेन ड्राइव्ह म्हणजे तिजोरी नव्हे. वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर आतली माहिती पुसट होऊ शकते. वर्षातून एकदा लावून बघायचा. शिवाय २०१९ च्या पुरात गावभागातल्या घरात आपले अल्बम कसे एकमेकांना चिकटले होते ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या लग्नाचे त्यातले जेमतेम निम्मे सुटले. तेव्हा सगळ्या प्रती एकाच घरात होत्या, हेच चुकलं. म्हणून दोन्हींवर तेच भरा, एक देवघराच्या वरच्या फळीवर ठेवा आणि दुसरा पुण्याला येणाऱ्या कुणाबरोबर माझ्याकडे धाडा.

आईच्या फोनची पिन जुनी, बारीक आहे, हे त्याला बसणार नाही. त्याची वायर दिवाळीला येताना आणते. तोवर तिचे महत्त्वाचे फोटो बाबांनी आपल्या फोनवर घ्यावेत आणि कुरकुर करू नये.

दुसरा पेन ड्राइव्ह पाठवाल तेव्हा सोबत भडंग पाठवा. लसूण जास्त घातलेलं.

तुमची,
मनू