बॉण्ड आणि उचल

चि. मीरा, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, आईच्या माहेरची ही जुनी माणसं एका जागी टिकत का नव्हती? म्हणून १८६१ च्या जनगणनेचं ते पान मी पुन्हा काढलं. इंग्लंडमधली डरहॅम काउंटी. बाप खाणीत कोळसा फोडणारा, पोरं पाच. थोरला हेटनचा, मधली दोघं थॉर्नलीची, चौथी हॅसवेलची, धाकटा ट्रिमडनचा. तुला ती भटकी वाटली. मला आपली ऊसतोड करणारी बीडची आजी आठवली.

तेव्हा डरहॅमच्या खाणीत माणूस वर्षाच्या करारानं बांधला जायचा. त्याला म्हणायचेच ‘बॉण्ड’. बांधून घेताना हातावर थोडे पैसे टेकवत, आपल्याकडे ऊसतोडीला मुकादम आगाऊ उचल देतो तसे. लिहिता येत नसेल त्यानं फुली मारायची. मग वर्षभर खाण सोडायची नाही. सोडली तर तुरुंगाची भीती. ५ एप्रिलला बॉण्ड संपला की दर बरा असेल तिथं बिऱ्हाड हलायचं. आणि ही जनगणना झाली ७ एप्रिलला! त्या घरातली भांडी अजून गाठोड्यातच असतील, असं मला उगीच वाटत राहतं. घर खाणमालकाचं, भाडं नाही, जळणाला कोळसाही मिळायचा. पण काम गेलं की घर गेलं. १८४४ च्या संपात कुटुंबंच्या कुटुंबं खाटा-भांड्यांसकट रस्त्यावर काढली होती.

थोरल्याचं वय अकरा, काम ‘ट्रॅपर’. खाणीत हवा योग्य वाटेनं फिरावी म्हणून भुयारांना लाकडी दारं असत. कोळशाची गाडी आली की दोरी ओढून दार उघडायचं, गेली की मिटू द्यायचं. मधल्या वेळात अंधारात बसून राहायचं, रोज बारा-बारा तास. १८४२ च्या कायद्यानं दहाच्या आतल्या पोरांना खाली उतरवणं बंद झालं होतं. म्हणजे त्या कायद्यात आपलं पोरगं बसत होतं म्हणे!

बाप कोळसा फोडून टब, म्हणजे कोळशाची ती गाडी, भरायचा आणि त्याला आपलं टोकन अडकवायचा, वर गेल्यावर माल कुणाचा ते कळावं म्हणून. मजुरी टबावर, काटा मालकाचा. काटा मारणं म्हणजे काय, हे आपल्या घरात कुणाला समजावून सांगायला नको. १८६० च्या कायद्यानं मजुरांना काट्यावर आपला माणूस उभा करायचा हक्क दिला. हे मी आजोबांना सांगितलं असतं, तर ते म्हणाले असते, “आन् आमच्या काट्यावर कोन हुबं व्हतं?”

डरहॅमचा वार्षिक बॉण्ड १८७२ मध्ये गेला. उचल अजून आहे. दोन्ही एकच, असं मी म्हणत नाही. डरहॅमच्या बायका खाली उतरत नव्हत्या. आपल्याकडे कोयता नवरा-बायकोच्या जोडीचाच. आजी पोटुशी असतानाही डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढायची.

तुझ्या वंशावळीच्या तक्त्यात जन्मगावाचा रकाना आहे ना, त्यात माझ्या बाजूला तू सरसकट ‘बीड’ लिहिलंयस. ते खोड. मी कोपीत, ऊसतोड्यांच्या झोपडीत जन्मलो, कोल्हापूरकडे. धाकट्या काकाचं मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून काल आजीला फोन केला. ती म्हणाली, “गाव कुटलं रं? फड व्हता त्यो.”

तुझा,
बाबा