उजळाईवाडीला विमानं वाढवताय, तर जमिनीवरचंही बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात विमानाची बातमी आली की ती दोनपैकी एका प्रकारची असते. एकतर कोल्हापुरातून, म्हणजे उजळाईवाडीच्या विमानतळावरून, नवीन फ्लाइट सुरू झाल्याची आणि ती कुणी आणली यावरून चौकाचौकात लागलेल्या डिजिटल फलकांची, नाहीतर कुठल्यातरी मोठ्या विमानतळावर ‘दोन विमानं समोरासमोर, प्रवासी थोडक्यात बचावले’ अशी. दुसऱ्या प्रकारच्या बातमीचं पुढं काय होतं ते कधीच छापून येत नाही. चौकशी सुरू झाली, कुणालातरी घरी बसवलं, विषय संपला. नको तेव्हा रनवेवर, म्हणजे धावपट्टीवर, विमान नाहीतर गाडी घुसते त्याबद्दलचं हे पत्र जरा लांबलंय, कापायचं तर कापा, पण पुण्याचा आणि दिल्लीचा भाग तेवढा ठेवा.

मध्यंतरी मुंबईहून कोल्हापूरला येताना विमान टॅक्सीवेवर, म्हणजे रनवेकडं नेणाऱ्या रस्त्यावर, बराच वेळ उभं होतं. मागच्या सीटवर हुपरीचे एक चांदीवाले काका होते, ते मोठ्यानं म्हणाले, ‘ह्यापेक्षा वडाप बरं की ओ, निदान ड्रायव्हरला शिव्या तरी घालता येतात!’ सगळे हसले. मी खिडकीतून बघत होतो. पुढं रस्त्यावर आडव्या चार पिवळ्या रेघा होत्या, आमच्या बाजूच्या दोन सलग, पलीकडच्या दोन तुटक, आणि बाजूला लाल बोर्डावर पांढऱ्या आकड्यात रनवेचा नंबर. सलग रेघ ज्याच्या बाजूला त्यानं टॉवरनं, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षानं, सांगितल्याशिवाय पुढं जायचं नाही, आणि रनवेवरून बाहेर पडणाऱ्याला तुटक रेघा आधी लागतात म्हणून त्यानं थांबायचं नाही, सरळ पार व्हायचं, एवढा साधा नियम आहे. रेघेच्या पलीकडं ताशी अडीचशे किलोमीटरनं दुसरं विमान येत असतं. काकांना हे सांगावंसं वाटलं होतं, पण तेवढ्यात ते घोरायला लागले.

आता लोकांना वाटतं एवढी रेघ, एवढा लाल बोर्ड, तरी पायलट पुढं जातोच कसा, झोपला होता काय. झोपलेला नसतो, उलट त्या वेळी त्याला हजार कामं असतात, विमान जमिनीवरून चालवता चालवताच चेकलिस्ट, वजनाचे आकडे, हवामान, टॉवरनं ऐनवेळी बदललेला रनवे हे सगळं चाललेलं असतं आणि दोघांपैकी एकाचं डोकं खाली असतं. १३ जानेवारी २०२३ ला न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर लंडनला निघालेलं एक बोइंग ७७७ असंच चुकीच्या ठिकाणी वळलं आणि परवानगी नसलेला रनवे ओलांडून गेलं, त्याच रनवेवर दुसरं ७३७ टेकऑफसाठी सुटलेलं. टॉवरच्या माणसानं ओरडून टेकऑफ रद्द करायला लावला म्हणून वाचले. चौकशीत निघालं ते हेच, की कॉकपिटमध्ये एकाच वेळी बाकीची कामं चाललेली आणि आपण नेमके कुठं आहोत यावरचं लक्ष उडालेलं. त्या विमानतळावर जमिनीवरचं रडार होतं, सगळं होतं. एकट्या अमेरिकेत असे रनवेवर घुसण्याचे लहानमोठे प्रकार वर्षाला दीड हजारांवर नोंदले जातात, बहुतेक किरकोळ असतात हे खरं, पण नोंदले जातात. आपल्याकडं मोठा प्रकार झाला तरच कळतं.

मोठे झालेतही. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर दोन जंबो जेट रनवेवरच धडकली आणि ५८३ माणसं गेली, एवढी माणसं विमानाच्या दुसऱ्या कुठल्याच अपघातात गेली नाहीत. शेजारच्या बेटावर बॉम्ब फुटल्यामुळं सगळी विमानं इकडं वळवलेली, छोटा विमानतळ, एकच रनवे, टॅक्सीवेवर विमानं उभी करून ठेवलेली, त्यामुळं उड्डाणासाठीसुद्धा रनवेवरूनच चालत शेवटापर्यंत जायचं. त्यात धुकं. पॅन अॅम या अमेरिकन कंपनीच्या विमानाला तिसऱ्या वळणावर बाहेर पड म्हणून सांगितलेलं, ते वळण मागं पडलं, आणि पलीकडच्या टोकाला केएलएम या डच कंपनीच्या कॅप्टनला ड्युटीचे तास संपायच्या आत निघायचं होतं, तो परवानगीशिवायच सुटला. दोघंजण रेडिओवर एकदम बोलले म्हणून नेमका महत्त्वाचा शब्द कुणाला ऐकूच गेला नाही. मी हे एवढं सविस्तर लिहितोय कारण एकच रनवे, सकाळचं धुकं आणि निघायची घाई यातलं आपल्याला काय परकं आहे सांगा? हिवाळ्यात पंचगंगेच्या काठानं सकाळी बाहेर पडणाऱ्याला विचारा.

इटलीत मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ ला जे झालं ते मला याहून जास्त डाचतं. एक छोटं खाजगी विमान धुक्यात चुकीच्या टॅक्सीवेनं गेलं आणि उडणाऱ्या प्रवासी विमानासमोर आलं, ११८ मेले. चूक पायलटचीच म्हणायची तर म्हणा. पण रस्त्यावरच्या खुणा पुसट, बोर्ड नियमाप्रमाणं नाहीत, जमिनीवरचं जुनं रडार काढलेलं आणि नवीन सुरू झालेलं नाही, हे सगळं आधीपासून तसंच होतं. नंतर अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. नंतर.

आणि जपान तर शिस्तीचा देश ना? टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ ला भूकंपग्रस्तांसाठी मदत न्यायला निघालेलं कोस्ट गार्डचं विमान थांबायच्या जागी न थांबता रनवेवर जाऊन उभं राहिलं. थांबायचा आदेश त्यांनी रेडिओवर बरोबर परत म्हणून दाखवला होता, तरी गेले, त्यांना वाटलं आपला पहिला नंबर लागलाय. साधारण चाळीस सेकंद ते तिथं उभे होते. टॉवरच्या स्क्रीनवर इशारा उमटला तो कुणाच्या लक्षात आला नाही, आणि रनवेच्या तोंडाशी लाल दिव्यांची जी आडवी ओळ असते ती कामासाठी बंद होती. वरून उतरणाऱ्या विमानातले सगळे ३७९ जण बाहेर पडले, बॅगा तिथंच टाकून, हे विशेष. छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जण गेले.

आपल्याकडचं सांगायचं तर दिल्ली, २३ ऑगस्ट २०२३. अहमदाबादहून उतरलेल्या विमानाला टॉवरनं सांगितलं शेजारचा रनवे ओलांडून पार्किंगला जा, आणि त्याच वेळी त्याच रनवेवरून बागडोगऱ्याच्या विमानाला उडायची परवानगी दिलेली. उतरलेल्या विमानाच्या महिला कॅप्टननं नुसतं आज्ञापालन न करता मान वळवून बघितलं आणि रेडिओवर ओरडल्या म्हणून टेकऑफ थांबलं. इथं चूक टॉवरची होती, पायलटची नाही. एक माणूस चुकणारच हे गृहीत धरून दुसऱ्या माणसानं बघायचं, असं हे काम आहे, आणि त्या दिवशी त्या बाईंनी ते चोख केलं. त्यांचा फलक कुठल्या चौकात लागलेला मी बघितला नाही.

पुण्याचं तर आपल्या दारातलं. १५ फेब्रुवारी २०२० ला लोहगावला दिल्लीचं विमान टेकऑफसाठी पळत असताना समोर रनवेवर एक जीप आणि माणूस दिसला, पायलटनं वेळेआधीच विमान उचललं, शेपूट घासली, तसेच दिल्लीला जाऊन सुखरूप उतरले. जीपला पंख नसतात, पण रनवेवर विमान घुसलं काय, जीप घुसली काय, समोरच्याला फरक पडत नाही.

आता उजळाईवाडी. राजाराम महाराजांनी १९३९ ला हा विमानतळ उभा केला तेव्हा देशातल्या किती शहरांत विमानतळ होता सांगा, आम्हाला त्याचा अभिमान आहेच. मार्च २०२४ ला नवीन टर्मिनल झालं, दगडी कमानी वगैरे झकास, फोटो काढायला लोक जातात. पण टर्मिनल ही प्रवाशानं बघायची जागा झाली, विमानाला त्याचा काय उपयोग? विमानं वाढली, रात्रीची उतरायला लागली, रनवे लांब करायचं काम चाललं की काम करणाऱ्यांच्या गाड्या, डंपर, माणसं आली. एकच रनवे असलेल्या छोट्या विमानतळांवर उतरलेलं विमान बऱ्याचदा रनवेवरच वळून त्याच रस्त्यानं परत येतं, तोवर दुसरं वर घिरट्या घालतं नाहीतर खाली थांबतं. दिवसाला मोजकी विमानं असताना हे निभावतं.

म्हणून माझी विनंती आहे की पुढच्या वेळी नवीन फ्लाइटची बातमी करायला तुमचा वार्ताहर गेला तर पेढे खाऊन झाल्यावर त्यानं जरा आत काय चाललंय ते विचारावं. रनवेच्या तोंडाशी लाल दिव्यांची ती ओळ आहे का, पिवळ्या रेघा शेवटच्या कधी रंगवल्या, पावसाळ्यानंतर की आधी, कारण आपल्या पावसात झेब्रा क्रॉसिंग दोन महिने टिकत नाही. ठेकेदाराच्या ड्रायव्हरना आत गाडी न्यायचं वेगळं ट्रेनिंग आणि परमिट असतं, ते सगळ्यांकडं आहे का. कुंपणाला भगदाड आहे का, कुत्री आत येतात का. विमानतळांवर रनवे सेफ्टी टीम म्हणून टॉवरवाले, विमान कंपन्या, देखभालवाले यांची एक समिती असते, तिची बैठक शेवटची कधी झाली आणि त्यात काय ठरलं. खासदारांनी, पालकमंत्र्यांनीही हे विचारावं, दिल्लीला नवीन मार्ग मागायला जातातच, त्याच फाइलला हे जोडून द्यावं.

आणि वेळेवर विमान सुटलं नाही की लगेच व्हिडिओ काढून टाकणाऱ्या आपल्या मंडळींनाही थोडं सांगा. विमानतळाच्या आत चहा दीडशे रुपये का, यावर बोंब मारा, मी तुमच्याबरोबर आहे. पण विमान पिवळ्या रेघांच्या अलीकडं उभं असलं तर पायलटला गप उभं राहू द्या.

आपला नियमित वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर