उंची कमी म्हणून उंच बाईक नाकारू नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मुंबईत हल्ली हिमालयन, एक्सपल्स अशा उंच बाईक बऱ्याच दिसतात, पण माझ्यासारख्या पाच फूट दोन इंचाच्या बाईने शोरूममध्ये टेस्ट राईड मागितली की आधी पायांकडे बघतात, मॅडम पाय पोचत नाहीत, तुम्ही स्कूटर बघा ना. हे अजिबात पटत नाही म्हणून लिहितेय.

दोन्ही पाय टेकायची गरजच नसते, एक नीट टेकला की झालं. स्प्लेंडरची सीट 785 मिलिमीटरवर आणि हिमालयन 450 ची 825, म्हणजे फरक जेमतेम दीड इंचाचा, खरा फरक वजनाचा, 112 किलो कुठे नि 196 कुठे. पण गाडी सरळ उभी असेल तर ते वजन टायरवर असतं, कलली की पायावर येतं. म्हणून थांबताना हँडल सरळ ठेवायचं, शेवटच्या दोन-चार फुटांत मागच्या ब्रेकवर यायचं, बूड जरा डावीकडे सरकवून डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवरच. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला तर उंच माणसाची पण गाडी आडवी होते.

मुंबईत खरी गोम रस्त्याची आहे. रस्ता गटाराकडे उतरता असतो, त्यामुळे डाव्या कडेला थांबलं की पायाखालची जमीन अजून खाली जाते, त्यात पावसात पाणी साचलेलं, खाली खड्डा आहे की उखडलेला पेव्हर ब्लॉक काही कळत नाही. सिग्नल दिसला की पाय कुठे पडणार ते आधीच हेरून ठेवायचं आणि कडेपासून थोडं आत थांबायचं, मागचा हॉर्न मारतो तर मारू दे. आणि उताराकडे तोंड करून गाडी लावू नका, नंतर बसल्या बसल्या पायाने मागे घेता येत नाही, उतरून ढकलावी लागते.

गॅरेजवाले लगेच सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी खाली करून देतो म्हणतात, त्याची घाई नको, ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यातलं अंतर, कमी होतो आणि खाली आलेल्या गाडीला साइड स्टँड जास्त लांब ठरून उभी गाडी जराशा धक्क्याने पलीकडे पडू शकते. आधी लो सीट, म्हणजे कमी उंचीची सीट, आणि जाड सोलचे बूट बघा.

शोरूमवाल्यांनी एक तरी डेमो गाडी लो सीट लावून ठेवावी, आणि तुमच्या ऑटोच्या पानावर मायलेजसोबत सीटची उंची आणि वजन पण छापा ही विनंती.

– एक वाचक, घाटकोपर