पोत्यातले बी निर्जीव नसते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत नुकताच ‘सजीवांची लक्षणे’ हा लेख आला. हालचाल, पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ, प्रजनन आणि चेतनाक्षमता ही सातही लक्षणे त्यात नीट दिली आहेत, चित्रेही चांगली आहेत. पण शेवटच्या कोष्टकात ‘बी’ निर्जीवांच्या रकान्यात टाकले आहे आणि पुढे ‘रुजल्यावर सजीव’ अशी टीप जोडली आहे. माझे निपाणीत बियाणे-खतांचे दुकान आहे. हे वाचून गप्प बसवेना.

बी रुजेपर्यंत निर्जीव असेल, तर येळ्ळूर-वडगावच्या शिवारात दरवर्षी निर्जीवातून सजीव निपजतो असे म्हणावे लागेल. असे आपोआप होत नाही हे लुई पाश्चरने १८६० च्या दशकात प्रयोगाने दाखवून दिले. आपल्याकडे भाताची धूळवाफ पेरणी होते. कोरड्या मातीत पडलेला दाणा पावसाची वाट पाहत राहतो. तो वाट पाहू शकतो, कारण तो जिवंत असतो. खडा वाट पाहत नाही.

बी श्वास घेते, हे तर घरोघरी ठाऊक आहे. नीट न वाळवलेल्या सोयाबीनची थप्पी लावा आणि काही दिवसांनी मधल्या पोत्यात हात घालून बघा. आत ऊब लागते. ती बाहेरच्या उन्हाची नसते. ओला दाणा जोराने श्वसन करतो, प्राणवायू घेतो, साठवलेले अन्न जाळतो, त्याची ही उष्णता असते. त्यात बुरशीही आपली भर घालते, आणि बुरशी हाही सजीवच. म्हणून बियाणे कोरडे ठेवायचे. बियाण्याच्या व्यवहारात एक ढोबळ नियम आहे : ठरावीक मर्यादेत बियातला ओलावा एका टक्क्याने उतरला की त्याचे साठवणीतले आयुष्य साधारण दुप्पट होते. तापमान पाच अंशांनी कमी केले तरी तसेच. घरच्या बायका जोंधळ्याचे बी कडक वाळवून, राख घालून मडक्यात तोंड बांधून ठेवायच्या, त्यामागे हेच होते.

आता कोणी विचारेल, फारच सुकवले तर? नॉर्वेतल्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून जगभरचे बियाणे उणे १८ अंशांत ठेवले जाते. तिथे श्वसन जवळजवळ थांबलेलेच असते. मग त्या बियाला सजीव का म्हणायचे? कारण कारखाना बंद असला तरी मोडलेला नसतो. पेशी शाबूत असतात, विकरे (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) जागच्या जागी असतात, दाण्याच्या दलांत कोंबासाठी शिदोरी भरलेली असते आणि पुढच्या रोपाचा आराखडा गर्भात असतो. बाहेरून फक्त पाणी, हवा आणि ऊब मिळायला हवी. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी १८७९ साली तणांच्या बिया घालून २० बाटल्या जमिनीत पुरल्या होत्या. त्यांतली एक २०२१ मध्ये उकरली, तेव्हाही काही बिया रुजल्या. म्हणजे १४२ वर्षांनी.

याउलट उकड्या तांदळासाठी उकडलेले भात घ्या. टरफल तेच, गर्भ तोच, पेशींचे घरही दिसायला तसेच. पण ते पेरले तर काही उगवणार नाही. जिवंत आणि मेलेला दाणा नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात, आणि माझ्या धंद्यातली निम्मी भांडणे इथूनच उद्भवतात.

यावर प्रयोगशाळेत एक सुंदर चाचणी आहे. जर्मनीच्या गेऑर्ग लाकोन यांनी १९४० च्या दशकात ती रूढ केली. भिजवलेले बी उभे चिरायचे आणि टेट्राझोलियम या क्षाराच्या रंगहीन द्रावणात ठेवायचे. ज्या पेशींत श्वसनाची विकरे काम करत असतात, तिथे हा क्षार बदलतो आणि गर्भ लालभडक होतो. मेलेला गर्भ पांढराच राहतो. कोंब फुटायची वाटही पाहावी लागत नाही, काही तासांत निकाल. आपल्या कोष्टकाला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

सात लक्षणांची यादी वाईट नाही. पण एकेका लक्षणावर खूण करत गेले की घोटाळा होतो. खेचराला पिल्लू होत नाही, म्हणून काय ते निर्जीव? दोऱ्यावर खडीसाखरेचे खडे वाढतात, पण ते बाहेरून थर चढून. सजीव आतून वाढतो, खाल्लेल्याचे स्वतःत रूपांतर करून. ज्योत प्राणवायू घेते, हलते, एकीची दुसरी पेटते, तरी तिला ना पेशी ना आराखडा. यादीच्या मागे जे चालते ते पाहायला हवे : पेशी, तिच्यात चालणारी, किंवा थांबली तरी पुन्हा सुरू होऊ शकणारी रासायनिक देवघेव, आणि स्वतःची नक्कल करू शकणारा आराखडा. हे मुलांना कळले की यादी पाठ करायची गरजच उरत नाही.

आणि निपाणीकराने तंबाखूचा विषय काढला नाही असे कसे होईल! तंबाखूच्या पानावर फिकट हिरवे-पिवळे ठिपके पाडणारा मोझॅक रोग आमच्या भागाला नवा नाही. जगाला विषाणू कळला तो याच रोगातून. १८९२ मध्ये दिमित्री इवानोव्स्की यांनी रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून काढला, तरी तो रोग लावत राहिला. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी त्या विषाणूचे चक्क स्फटिक बनवले. १९४६ चे नोबेल त्यांना मिळाले ते रसायनशास्त्राचे. हा विषाणू वाळलेल्या तंबाखूत वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून तंबाखू मळून त्याच हातांनी टोमॅटोच्या रोपांना हात लावू नका, असे मी गिऱ्हाइकांना सांगतो. (ऐकतात किती, ते सोडा.)

वरवर पाहिले तर हा विषाणू बियासारखाच वाटतो. दोघेही कोरडे, निपचित, संधीची वाट पाहणारे. पण बियाकडे स्वतःचा कारखाना असतो. विषाणूकडे आराखडा आहे आणि वर प्रथिनांचे वेष्टन, बस्स. पेशी नाही, श्वसन मंद नव्हे, मुळीच नाही. तंबाखूच्या जिवंत पेशीत शिरल्याशिवाय त्याची एक नक्कलही होत नाही. त्याला सजीव म्हणावे की नाही, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. कोष्टकात तिसरा रकाना काढायचाच असेल तर तो विषाणूसाठी काढावा. बियाची जागा सजीवांतच आहे.

हा काही शब्दांचा काथ्याकूट नाही. बियाणे म्हणजे वस्तू, हा समज शेतात महागात पडतो. सोयाबीनचे टरफल पातळ असते. टेम्पोतून पोते आपटले की गर्भाला इजा होते, बाहेरून काही दिसत नाही. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली, खताच्या गोण्यांना टेकून, ओल्या फरशीवर पोती पडलेली मी पाहतो. तेलाच्या गिरणीला असे सोयाबीन चालेल. पेरणीला चालणार नाही. मग मृगात दुबार पेरणीची वेळ येते आणि बोल बियाण्याला लागतो.

म्हणून विनंती अशी की पुढच्या पुरवणीत ती टीप दुरुस्त करावी आणि सोबत घरी करण्याजोगी उगवण चाचणी छापावी. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. आठवडाभरात गुंडाळी सोडून धडधाकट कोंब मोजायचे. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. मुलांनी घरच्या बियाण्यावर हे मे महिन्यात केले, तर आलेला आकडा वडिलांना जूनमध्ये एकरी किती बी टाकायचे हे ठरवायला उपयोगी पडेल.

कळावे,
आपला एक वाचक व बियाणे विक्रेता,
निपाणी, जि. बेळगाव