नजर डॉक्टरवर हवी, बाईच्या घरावर नको

संपादक महोदय,

वंध्यत्वावरील उपचारांच्या कायद्यावरून पुन्हा जुंपली आहे. डॉक्टरांच्या कामात सरकारने लुडबुड करू नये, असं एक बाजू म्हणते. कुटुंबव्यवस्था टिकवायची म्हणून बंधनं हवीतच, असं दुसरी. प्रसूती विभागात नोकरी करून मी निवृत्त झाले. मला दोघांचंही अर्धंच पटतं.

डॉक्टरांना मोकळं सोडा, हे निदान कोल्हापूरकरांना तरी सांगू नये. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा तेव्हाही होताच, कागदावर. पुढे तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी मशीनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ (प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र) बसवायला लावलं, तर रेडिओलॉजिस्टांची संघटना हायकोर्टात गेली. रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा तिथे निघाला. २०११ मध्ये कोर्टाने आदेश कायम ठेवला.

आता टेस्ट ट्यूब बेबीचं बघा. यश येण्याची शक्यता किती, खर्च किती, धोके कोणते, हे जोडप्याला आधी समजावून सांगणं २०२१ च्या कायद्याने केंद्रांवर बंधनकारक केलं आहे. जाहिरातीत मात्र गुटगुटीत बाळ आणि मोठ्या अक्षरात टक्केवारी. कशाची टक्केवारी? रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याची, की बाळ घरी गेल्याची? तिशीतल्या बाईची, की बेचाळिशीतल्या? दागिने गहाण टाकून आलेलं जोडपं हे विचारत नाही. (सासूबाई सोबत असल्या तर सुनेला तोंडच उघडता येत नाही, ते वेगळंच.)

नजर ठेवायची ती इथे. पण त्याच वर्षीचा सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटी आपलं मूल वाढवण्याचा, कायदा बघतो कुठे? बाईच्या लग्नाकडे. एकट्या बाईला असं मूल हवं असेल, तर ३५ ते ४५ वयाची विधवा किंवा घटस्फोटित चालते, अविवाहित चालत नाही. मग काय, आधी लग्न करून मोडायचं? बरं, टेस्ट ट्यूबच्या कायद्यात अविवाहित बाईला मज्जाव नाही. एकाच संसदेने एकाच महिन्यात मंजूर केलेले हे दोन कायदे!

स्त्रीबीज देणाऱ्या बाईने आयुष्यात एकदाच द्यावं, सातपेक्षा जास्त बीजं काढू नयेत, या टेस्ट ट्यूबच्या कायद्यातल्या अटीवर डॉक्टर कुरकुरतात. सातच का, हे त्यांनी जरूर विचारावं. पण एकदाच्या अटीला माझा पाठिंबा आहे. गरजू बाईला बीजं वाढवण्याची इंजेक्शनं परत परत घ्यायला लावणारे दलाल कमी नसतात.

जिल्ह्यातल्या दोन्ही खासदारांनी एवढंच मागावं : प्रत्येक केंद्राने वयोगटानुसार किती जोडप्यांवर उपचार केले आणि किती बाळं जन्मली, हे आपल्या दारात मराठीत लावावं.

– एक निवृत्त परिचारिका, राजारामपुरी, कोल्हापूर